सफरचंद तपकिरी का होतं, हे विचारणारा माणूस



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एक अट घातली. शाळेच्या आठवणी नकोत, त्या बाकीच्यांकडून भरपूर आल्या आहेत. तुझ्या विषयातलं, पण आम्हांला कळेल असं काहीतरी दे. माझा विषय जीवरसायनशास्त्र. वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षं तोच शिकवला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेली चार-पाच वर्षं मला एक प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो : अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? कुणाला गुडघ्यांसाठी हव्या असतात, कुणाला मधुमेहासाठी, कुणाला नुसतं वय दिसू नये म्हणून. मी दोन ओळींत उत्तर देतो, पण ते कुणाला पटत नाही, कारण त्यामागची हकिकत सांगायला तिथे जागा नसते. इथे संपादकांनी पानं मोकळ्या हाताने दिली आहेत. तेव्हा ही हकिकत ज्या माणसापासून सुरू होते, त्याच्या चरित्रातूनच सांगतो. त्याचं नाव आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. क जीवनसत्त्व शोधणारा म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो एका ओळीत येऊन जातो. माणूस मात्र एका ओळीत मावणारा नव्हता.

मामांच्या मते ढ

आल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील शेतीवाडी सांभाळणारे. आईचं घराणं मात्र विद्वानांचं. आजोबा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, मामा मिहाय लेनहॉशेक हेही त्याच विषयातले नावाजलेले प्राध्यापक. घरात जेवणाच्या टेबलावर विज्ञानाच्या गप्पा आणि आईमुळे संगीत. अशा घरात हा मुलगा अभ्यासात अगदीच मागे. परीक्षेत पास होण्यासाठी घरी शिकवणी ठेवावी लागे. पुस्तकं त्याला नकोशी वाटत. मामांनी तर ह्याच्या डोक्यात काही शिरणार नाही असं ठरवूनच टाकलं होतं.

सोळाव्या वर्षाच्या आसपास काहीतरी बदललं. तो झपाट्याने वाचू लागला आणि शेवटच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला. वैद्यकीय संशोधन करणार असं त्याने घरी जाहीर केल्यावर मामांनी साफ विरोध केला. गुण दिसू लागले तसा विरोध टप्प्याटप्प्याने सैल झाला. आधी सौंदर्यप्रसाधनांचा धंदा कर म्हणाले, मग दातांचा डॉक्टर हो म्हणाले, शेवटी वैद्यकशास्त्राला परवानगी मिळाली. तीही एका अटीवर : मामांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा भाच्याने गुदद्वाराच्या ऊतींवर काम करावं! आल्बर्टचा पहिला शोधनिबंध खरोखरच त्या विषयावर आहे. आपण विज्ञानाला चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली, अशी थट्टा ते पुढे स्वतःच करत.

गुरुजनांसाठी हा भाग मी मुद्दाम लांबवला. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाबद्दल निकाल देण्याची घाई करू नये हे तुम्ही आम्हांला कधी शब्दांत सांगितलं नाही, पण तुमच्यापैकी काहींनी ते वागण्यातून शिकवलं. आज त्या बाकांवरून उठलेले किती जण काय काय करताहेत, ते या स्मरणिकेच्या परिचय-पानांवर दिसेलच.

युद्ध आणि वणवण

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शिक्षण अर्धवट टाकून आल्बर्टला आघाडीवर जावं लागलं. शौर्याबद्दल पदकही मिळालं. पण दोन वर्षं खंदकांत काढल्यावर ह्या कत्तलीला काही अर्थ नाही अशी त्याची खात्री पटली. १९१६ मध्ये त्याने स्वतःच्या दंडाच्या हाडातून गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागली असं सांगितलं आणि घरी परत आला. हात बरा होईपर्यंत १९१७ साली वैद्यकीय पदवी पूर्ण केली. ह्याला कुणी भित्रेपणा म्हणेल. पण नंतर सैन्याच्याच एका प्रयोगशाळेत इटालियन युद्धकैद्यांवर धोकादायक प्रयोग होताना दिसले, तेव्हा ह्याच माणसाने उघड निषेध केला आणि शिक्षा म्हणून उत्तर इटलीच्या हिवतापाच्या दलदलीत बदली पत्करली. जिवाची भीती आणि मनाचा कणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी म्हणेन.

युद्ध संपलं तेव्हा देशाचे तुकडे पडले होते. ज्या पोझोनी शहरात त्यांना काम मिळालं, ते चेकोस्लोव्हाकियात गेलं आणि हंगेरियन प्राध्यापकांना तिथून निघावं लागलं. मग प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, हॉलंडमधलं लायडन आणि शेवटी ग्रोनिंगेन. सोबत बायको आणि लहान मुलगी. पगार तुटपुंजा.

कापलेलं फळ आणि एक सेकंद

ग्रोनिंगेनमध्ये सेंट-ज्यॉर्जींनी एक प्रश्न हातात घेतला, जो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज पडतो. बटाटा, सफरचंद, केळं चिरून ठेवलं की तपकिरी पडतं. लिंबू, संत्रं, कोबी चिरला तर तसं होत नाही. का?

इथे आपल्या आठवी-नववीच्या विज्ञानाची थोडी उजळणी करावी लागेल. ऑक्सिडीकरण आणि क्षपण आपण पाठ केलं होतं. सोप्या भाषेत, ज्या पदार्थाने इलेक्ट्रॉन गमावले त्याचं ऑक्सिडीकरण झालं, ज्याला ते मिळाले त्याचं क्षपण झालं. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून दोन्ही क्रिया नेहमी जोडीने होतात. त्या जोडीला रेडॉक्स म्हणतात. लोखंड गंजतं ते ह्यानेच, लाकूड जळतं ते ह्यानेच, आणि आपण खाल्लेली भाकरी शरीरात हळूहळू जळते तीही ह्यानेच. अन्नातले इलेक्ट्रॉन पायरी पायरीने खाली उतरत शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला मिळतात आणि उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण चालतो, बोलतो, विचार करतो.

चिरलेल्या सफरचंदातही हेच घडतं. पेशी फुटतात, आतली रसायनं आणि एन्झाइमं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. मग लिंबू-कोबीत काय वेगळं आहे? सेंट-ज्यॉर्जींनी एक साधा प्रयोग केला. पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेंझिडीन नावाचं रसायन एकत्र केलं की ताबडतोब गडद निळा रंग येतो. पण शुद्ध एन्झाइमऐवजी ह्या न काळवंडणाऱ्या वनस्पतींचा रस घातला, तर रंग यायला सुमारे एक सेकंद उशीर होत होता.

एक सेकंद! दुसऱ्या कुणी तो प्रयोगातला किरकोळ दोष म्हणून सोडून दिला असता. सेंट-ज्यॉर्जींनी त्यातून अर्थ काढला. रसात असा एखादा पदार्थ असला पाहिजे, जो स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन रंगाला परत बेरंग करतो आहे. तो जोवर शिल्लक आहे तोवर रंग दिसत नाही. तो संपला की दिसतो. अँटिऑक्सिडंट ह्या शब्दाचा सगळा अर्थ त्या एका सेकंदात आहे. तो पदार्थ आग विझवत नाही, तो स्वतः आधी जळून बाकीच्यांना थोडा वेळ मिळवून देतो.

त्यांच्या डोक्यात आणखी एक धागा होता. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या की ॲडिसनचा आजार होतो आणि रुग्णाची त्वचा काळवंडते. त्या ग्रंथींतही हाच पदार्थ असेल का? शोधल्यावर पदार्थ सापडला. ॲडिसनच्या आजाराचं कारण मात्र वेगळंच निघालं. त्वचा काळवंडण्याचा आणि सफरचंद तपकिरी होण्याचा काही संबंध नाही. चुकीच्या तर्काच्या बोटाला धरून माणूस खऱ्या दारापर्यंत पोहोचतो, त्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

दारापर्यंत पोहोचले खरे, पण नेमका तेव्हाच आधार सुटला. त्यांना सांभाळून घेणारे प्राध्यापक हॅम्बुर्गर वारले आणि नव्या प्रमुखांना ह्यांच्या कामात रस नव्हता. पैसे संपले. बायको-मुलीला त्यांनी माहेरी पाठवून दिलं. पुढे जगण्यात अर्थ नाही असं वाटण्याइतके ते खचले होते. १९२६ साली स्टॉकहोममध्ये शरीरक्रियाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तिला शेवटचं म्हणून जाऊन यावं असं त्यांनी ठरवलं. तिथे केंब्रिजचे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स भाषणाला उभे राहिले आणि त्या भाषणात त्यांनी सेंट-ज्यॉर्जींच्या कामाचा नावानिशी उल्लेख केला. सभागृहात बसलेल्या त्या अनोळखी, कफल्लक माणसाला ते ऐकून काय वाटलं असेल! भाषण संपल्यावर ते हॉपकिन्सना जाऊन भेटले. हॉपकिन्सनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतलं. एका ज्येष्ठाने चारचौघांत योग्य वेळी घेतलेलं नाव, एवढ्यावर एक आयुष्य उभं राहिलं.

ईश्वर जाणे

केंब्रिजमध्ये त्यांनी गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींतून, संत्र्यांतून आणि कोबीतून तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. साखरेसारखा, सहा कार्बनचा. पण नेमका काय ते कळेना. शोधनिबंधात काहीतरी नाव द्यायला हवं होतं. साखरांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी ‘ओज’ येतं, जसं ग्लुकोज. ह्यांनी नाव दिलं ‘इग्नोज’, म्हणजे ठाऊक नसलेली साखर. संपादकांनी थट्टा नको म्हणून ते परत पाठवलं. तेव्हा ह्यांनी दुसरं सुचवलं : ‘गॉडनोज’, म्हणजे ईश्वर जाणे! शेवटी संपादकांच्या म्हणण्याप्रमाणे हेक्झुरॉनिक ॲसिड हे गंभीर नाव पडलं आणि १९२८ साली निबंध प्रसिद्ध झाला.

अडचण होती ती मालाची. पदार्थ अगदी थोडा मिळे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये काही महिने राहून, कत्तलखान्यांतून आणलेल्या ढीगभर ग्रंथींमधून त्यांनी जेमतेम २५ ग्रॅम स्फटिक काढले. त्यातला बराच वाटा त्यांनी रचना शोधण्यासाठी बर्मिंगहॅमच्या वॉल्टर हॉवर्थ यांना दिला, पण तेवढ्यात काम भागलं नाही.

पुढे हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांनी त्यांना मायदेशी बोलावलं आणि ते सेगेड शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे १९३१ साली जोसेफ स्विरबेली हा तरुण अमेरिकेहून आला. त्याने ज्या चार्ल्स ग्लेन किंग यांच्या प्रयोगशाळेत शिक्षण घेतलं होतं, तिथे क जीवनसत्त्वाचा शोध चालू होता. हे जीवनसत्त्व म्हणजे स्कर्व्ही टाळणारं, अन्नातलं अज्ञात द्रव्य. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. लांबच्या सफरींवरचे असंख्य खलाशी त्याने गेले. १७४७ साली जेम्स लिंड ह्या जहाजावरच्या डॉक्टरने १२ रुग्णांवर प्रयोग करून संत्री-लिंबांनी तो बरा होतो हे दाखवलं होतं. पण फळात नेमकं काय असतं, हे पुढची जवळपास दोनशे वर्षं कळलं नव्हतं.

सेंट-ज्यॉर्जींनी जवळचे हेक्झुरॉनिक ॲसिड स्विरबेलीच्या हातात ठेवलं. स्विरबेलीने गिनिपिगांवर प्रयोग केले. गिनिपिगच का? कारण बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडं आणि गिनिपिग यांनी ती क्षमता गमावली आहे. उकळलेल्या अन्नावर ठेवलेले गिनिपिग स्कर्व्हीने मेले, आणि त्याच अन्नासोबत रोज अवघा एक मिलिग्रॅम हेक्झुरॉनिक ॲसिड मिळालेले ठणठणीत राहिले. चार वर्षं बाटलीत पडून असलेला तो ‘ईश्वर जाणे’ पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व.

एप्रिल १९३२ मध्ये किंग यांनी आणि सेंट-ज्यॉर्जी-स्विरबेली यांनी साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने आपापले निष्कर्ष छापले, किंग आधी. श्रेय कुणाचं हा वाद बरीच वर्षं चालला. वेगळा केलेला पदार्थ सेंट-ज्यॉर्जींचा होता, हे मात्र कुणाला नाकारता येत नाही.

रात्रीच्या जेवणातली मिरची

आता हवा होता भरपूर माल. सेगेड हा हंगेरीच्या लाल मिरचीचा, पाप्रिकाचा मुलूख. एके संध्याकाळी बायकोने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. ती त्यांना खायची नव्हती. नको म्हणण्यापेक्षा त्यांनी ती खिशात घातली आणि हिची तपासणी कधी केली नाही असं म्हणत प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की ही मिरची म्हणजे खजिना आहे. संत्र्या-लिंबांच्या रसातल्या साखरांमुळे पदार्थ शुद्ध करणं जिकिरीचं होतं. मिरचीत ती अडचण कमी होती. थोड्याच आठवड्यांत ग्रॅमची भाषा संपून किलोंची सुरू झाली. आलेले स्फटिक त्यांनी दडवून ठेवले नाहीत, मागतील त्या संशोधकांना वाटून टाकले. हॉवर्थ यांनी रचना शोधून काढली, स्कर्व्हीविरोधी ह्या अर्थाने ॲस्कॉर्बिक ॲसिड असं नाव पडलं आणि लवकरच ते कारखान्यात तयार होऊ लागलं.

१९३७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल सेंट-ज्यॉर्जींना मिळालं, त्याच वर्षी रसायनशास्त्राचं हॉवर्थ यांना पॉल कारर यांच्याबरोबर. सेंट-ज्यॉर्जींच्या सन्मानात जीवनसत्त्वाइतकाच वाटा दुसऱ्या कामाचा होता. कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून फ्युमॅरिक ॲसिडसारखी द्रव्यं शरीरातल्या ज्वलनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवायला कशी मदत करतात, हे त्यांनी दाखवलं होतं. हान्स क्रेब्ज यांनी पुढे जे चक्र पूर्ण केलं, त्याचा पाया इथे आहे. म्हणजे शरीर जळतं कसं आणि जास्त जळण्यापासून वाचतं कसं, रेडॉक्सच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने हाताळल्या.

युद्धाच्या काळातलं थोडक्यात सांगतो. रशियाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हा त्यांनी नोबेलचं सुवर्णपदक फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. हंगेरी हिटलरच्या बाजूने युद्धात असताना १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि दोस्त राष्ट्रांच्या हेरांशी गुप्त बोलणी करून आले. हे जर्मनांना कळलं आणि गेस्टापो मागे लागली. स्वीडनने त्यांना नागरिकत्व देऊन आसरा दिला आणि पुढचे कितीतरी महिने त्यांनी लपतछपत काढले. ह्याच धामधुमीच्या वर्षांत, सेगेडमध्ये, इलोना बांगा आणि ब्रुनो श्ट्राउब यांच्यासह त्यांनी स्नायू आकुंचन कसं पावतो याचा मूलभूत शोध लावला, हे विशेष. युद्धानंतर हंगेरीत रशियाचं जोखड घट्ट होऊ लागल्यावर १९४७ मध्ये त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेत समुद्रकाठच्या वुड्स होल ह्या गावी राहिले, ते कायमचे.

दुःखातून उचललेलं काम

१९६३ साली त्यांची दुसरी पत्नी मार्ता कर्करोगाने गेली. १९६९ मध्ये एकुलती एक मुलगी नेली, तीही कर्करोगानेच. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी ह्या आजाराच्या मागे लावलं. पेशी बेसुमार वाढते ती इलेक्ट्रॉनांची देवघेव बिघडल्यामुळे, असं त्यांना वाटत होतं. वय ऐंशी, सरकारी अनुदान नाही. १९७३ साली एका हितचिंतकाच्या मदतीने लोकवर्गणीवर चालणारी संस्था उभी केली आणि प्रयोग चालू ठेवले. त्यांची ती उपपत्ती पुढे सिद्ध झाली नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आणि अण्वस्त्रांविरुद्ध मात्र ते अखेरपर्यंत बोलत राहिले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, वुड्स होललाच त्यांचं निधन झालं. सेगेडचं वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालतं.

त्यांच्यानंतर काय कळलं

आता आपल्या प्रश्नाकडे. अन्न जळताना काही इलेक्ट्रॉन रांग सोडून मधेच ऑक्सिजनला चिकटतात आणि मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स, तयार होतात. १९५४ साली अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन यांनी मांडलं की अति ऑक्सिजनमुळे आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा मुळात एकाच जातीची आहे : ह्या मूलकांची. त्याच सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचपेटीत फार ऑक्सिजन दिल्यामुळे अंधत्व येतं हेही उघड झालं होतं. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी अशा मूलकांना निकामी करणारं एन्झाइम आपल्या पेशींतच शोधलं. १९८५ च्या सुमारास हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही कल्पना नीट मांडली : इलेक्ट्रॉन ओढून नेणारे आणि ते पुरवणारे यांचा तोल पहिल्यांच्या बाजूने ढळणं. मधुमेह, हृदयविकार, मेंदूचा ऱ्हास, धूम्रपानाने होणारं नुकसान, सगळीकडे हा ढळलेला तोल दिसतो.

मग बाजाराने सरळ हिशोब मांडला : ऑक्सिडीकरण वाईट, तर अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं. हा हिशोब प्रयोगांनी खोटा ठरवला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला की बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेतली अशीच चाचणी १९९६ मध्ये ह्याच कारणाने वेळेआधी थांबवावी लागली. कर्करोगावर तोंडाने घेतलेल्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या चाचण्या मेयो क्लिनिकमध्येच झाल्या; फायदा दिसला नाही. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं, तो फायदाच नाहीसा झाला.

कारण शरीराला हे मूलक हवेही असतात. आपल्या पांढऱ्या पेशी ते मुद्दाम तयार करून जंतू मारतात. ही क्षमता जन्मतः नसलेल्या मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. व्यायामात तयार होणारे थोडे मूलक पेशींना निरोप देतात की तयारी वाढवा. आणि स्वतः क जीवनसत्त्वही दुधारी आहे. मोकळं लोह किंवा तांबं जवळ असलं, तर तेच मूलक वाढवायला मदत करतं. ज्यांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशांना शिरेतून दिलेल्या त्याच्या मोठ्या मात्रेने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. मुद्दा शत्रूचा नाही, तोलाचा आहे.

हे मी का लिहितो आहे, तेही सांगायला हवं. आपल्या वर्गातला एक मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. नाव लिहीत नाही; तुम्हांला कळेल. तोंडाचा कर्करोग, निदान वेळेत झालेलं, शस्त्रक्रिया नीट पार पडलेली. पुढे किरणोपचार ठरले होते. मधेच कुणीतरी त्याला महागड्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचे डबे विकले आणि किरणांनी शरीर जळतं, ह्यांनी ते थंड होतं असं समजावलं. त्याने किरणोपचार अर्धवट सोडले. डब्यावर नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या संशोधनावर आधारित असं छापलं होतं. कोणता शास्त्रज्ञ, ते नव्हतं. किरणोपचार कर्करोगाच्या पेशी मारतात ते बऱ्याच अंशी ह्या मूलकांच्याच मदतीने, म्हणून त्या काळात डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्यांच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत, हे त्याला सांगणारं दुकानात कुणी नव्हतं. ज्याने पत्नी आणि मुलगी ह्याच आजारात गमावली आणि सापडलेले स्फटिक फुकट वाटले, त्या माणसाच्या कामाच्या जोरावर कुणीतरी आपल्या मित्राचं घर धुऊन नेलं. मला ह्याचा राग आहे आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा मित्रहो, वयाच्या साठीत असलेल्या ह्या वर्गाला माझं उत्तर असं. पेरू, आवळा, लिंबू, ढोबळी मिरची, पालेभाज्या रोज खा. आपल्या साध्या पेरूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. ते उष्णतेने नासतं, म्हणून पोह्यांवर लिंबू शेवटी पिळायची आपल्या आयांची रीत बरोबर होती. त्याने पोह्यांतलं लोहही अंगी लागतं. तंबाखू सोडा, रोज चाला. ज्यांना खरोखर कमतरता आहे, त्यांना डॉक्टर गोळी देतील, ती जरूर घ्या. पण डबा विकत घेण्याआधी आणि विशेषतः चालू उपचार सोडण्याआधी मला फोन करा. रात्री-अपरात्री केला तरी चालेल. नंबर परिचय-पानावर आहेच.